स्टिरिओ बदलला, आवाज बिघडला

स्टिरिओ रायपूरच्या गुढियारीत बसवा की नागपुरात, गाडीचे गणित एकच: १२ व्होल्टची बॅटरी आणि करंटचा परतीचा रस्ता बॉडीच्या पत्र्यातून.

• कुंई आवाज: एक्सिलरेटरबरोबर चढतो-उतरतो. उगम आल्टरनेटर. बंद गाडीत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट, चालू गाडीत १३.८ ते १४.४. स्टिरिओ व अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) वेगवेगळ्या जागी असली, की ग्राउंड लूप तयार होतो आणि व्होल्टेजमधला किंचित फरक ऑडिओ केबलमध्ये शिरतो. उपाय: रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट, जाड व आखूड वायर. पॉवरची वायर एका बाजूने, ऑडिओ केबल दुसऱ्या.

• तडतड: स्पार्क प्लगची, म्हणून डिझेल गाडीत नाही. एफएमवर कमी, मीडियम वेव्हवर (आकाशवाणी रायपूर, ९८१ किलोहर्ट्झ) जास्त.

• सततची सूंऽऽ: बहुधा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन जास्त.

• चाचणी: अ‍ॅम्प्लिफायरमधून ऑडिओ केबलच्या आरसीए पिना काढा. आवाज थांबला, तर दोष स्टिरिओ किंवा केबलकडे. चालूच राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये.

• ग्राउंड लूप आयसोलेटर: कुंई आवाज दाबतो, हलक्या प्रतीचा असल्यास बासही खातो. आधी अर्थ तपासावी.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.