विलंबाचा जमाखर्च

शेकडो माणसांचे प्रबंध, मोजमापे आणि अर्धवट आज्ञावल्या जेथे एकाच सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, अशा संशोधनसंस्थेच्या संगणककक्षात बसणाऱ्याकडे ‘आज फाईली फार मंद चालल्या आहेत’ ही फिर्याद वारंवार येते. आणि फिर्यादी येतो तो बहुधा सर्व्हरला गुन्हेगार ठरवूनच येतो. त्याला बोल लावता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ च्या सुमारास जी नेटवर्क फाईल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, घडवली, तिचा हेतूच मुळी असा होता की दूरच्या यंत्रावरील फाईल वापरणाऱ्याला आपल्याच यंत्रावर असल्यासारखी भासावी. हा हेतू इतका सफल झाला की विलंब नेमका वाटेत कोठे झाला, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरला नाही.

अशा वेळी मी प्रथम फिर्यादीच्या यंत्रावर जातो, सर्व्हरवर नव्हे. तेथे पुष्कळदा एक विसंगत देखावा दिसतो: प्रोसेसर रिकामा, आणि ‘लोड’चा आकडा मात्र चढलेला. लिनक्समध्ये या आकड्यात, प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेसांबरोबरच, डिस्कच्या अथवा एनएफएसच्या उत्तरासाठी ‘डी’ अवस्थेत खोळंबलेल्यांचीही गणना होते. तेव्हा तो आकडा श्रमाचा नसून ताटकळण्याचा असू शकतो. त्यानंतर ‘एनएफएस-आयओस्टॅट’ ही आज्ञा पाच-पाच सेकंदांच्या अंतराने चालवायची. तिचा पहिला तक्ता सरळ सोडून द्यावा, कारण त्यात माउंट केल्यापासूनची सरासरी असते, आणि महिनाभराच्या शांततेत आजची पंधरा मिनिटांची आपत्ती बेमालूम विरून जाते. सरासरीवर विसंबून निश्चिंत राहणारे व्यवस्थापक मी बरेच पाहिले आहेत. त्यांच्या अहवालांत सर्व काही नेहमीच ठीक असते.

पुढच्या तक्त्यांतील दोन रकाने विशेष निरखून वाचावे लागतात. ‘आरटीटी’ म्हणजे प्रश्न यंत्राबाहेर पडल्यापासून उत्तर हाती येईपर्यंतचा काळ. ‘एक्झी’ म्हणजे तो प्रश्न निर्माण झाल्यापासून निकाली निघेपर्यंतचा संपूर्ण काळ, ज्यात आरटीटीही मोजलेली असते. आरटीटी अर्धा मिलिसेकंद आणि एक्झी चाळीस मिलिसेकंद असे आढळले, तर बाकीचा साडेएकोणचाळीस मिलिसेकंदांचा खर्च फिर्यादीच्याच यंत्रातील रांगेच्या नावे लिहावा लागतो, आणि नेटवर्क व सर्व्हर या दोघांचीही निर्दोष मुक्तता होते. उलट आरटीटीच फुगलेली असेल, तर मात्र सर्व्हरकडे जाणे प्राप्त असते. तेथे तबकड्यांवरील भार पाहावा, आणि ‘एनएफएसडी’चे थ्रेड किती आहेत तेही पाहावे, कारण ही संख्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षे मुळात आठच ठेवलेली असे, आणि आठ कारकुनांच्या कचेरीत दोनशे अर्जदार आले म्हणजे दप्तर कितीही सुव्यवस्थित असले तरी खोळंबा चुकत नाही. ‘रीट्रान्स’च्या रकान्यावरूनही नजर फिरवावी. टीसीपीवर उत्तर न आल्यास लिनक्सचे यंत्र मुळात साठ सेकंद थांबून मग प्रश्न पुन्हा पाठवते. म्हणून त्या रकान्यातला क्षुल्लक दिसणारा एखादा आकडाही कोणाचे तरी पुरते एक मिनिट खाऊन बसलेला असू शकतो.

परंतु ज्या प्रकरणाने माझी या तपासाकडे पाहण्याची दृष्टी पालटली, त्यात यांपैकी काहीच नव्हते. आरटीटी उत्तम, एक्झी तिच्या पाठोपाठ, सर्व्हरच्या तबकड्या जवळजवळ स्वस्थ, आणि तरीही एका विद्यार्थिनीची आज्ञावली तासन्‌तास रेंगाळत होती. प्रत्येक क्रियेमागे किती किलोबाइट वाहिले, हे सांगणारा रकाना केविलवाणा लहान होता. ‘माउंटस्टॅट्स’ उघडून क्रियांची वर्गवारी पाहिली, तेव्हा ‘रीड’ थोडे, आणि ‘लुकअप’, ‘अ‍ॅक्सेस’ व ‘गेटअ‍ॅटर’ यांची मात्र अलोट गर्दी. तिने प्रत्येक मोजमाप स्वतंत्र चिमुकल्या फाईलीत ठेवले होते. आणि एनएफएसचा रिवाज असा की फाईल उघडताना, ती दुसऱ्या कोणी बदललेली तर नाही ना, याची सर्व्हरकडे रुजवात घालायची. एका फाईलीमागे एकामागून एक चार प्रश्न आणि प्रत्येकास अर्धा मिलिसेकंद धरला, तर एक लाख फाईलींना दोनशे सेकंद लागणारच, मग सर्व्हर कितीही वेगवान असो. आणि तिची आज्ञावली तर तोच संग्रह पुनःपुन्हा उघडत होती. येथे मंद कोणीच नव्हते. प्रश्नच अतोनात होते. सर्व मोजमापे एका मोठ्या फाईलीत बांधल्यावर तक्रार मिटली. नवा सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव त्या सुमारास कार्यालयात फिरत होता. तो मंजूर झाला असता, तर तिच्या वाट्याला फारसे काही आले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणककक्षाकडे फिर्याद घेऊन येणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे: ‘सर्व्हर मंद आहे’ हा निकाल आणू नका, कोणत्या यंत्रावर, कोणत्या फोल्डरात, किती वाजून किती मिनिटांनी आणि कोणती आज्ञा चालवताना अडले, एवढे चार तपशील एका चिठ्ठीवर लिहून आणा.