सिद्धगडाला कोणता बूट चालतो?

मुरबाडहून म्हसा, म्हसा गावावरून नारिवली आणि तिथून पुढे पाऊलवाट. सिद्धगडावर जाणाऱ्या बहुतेकांचा हाच रस्ता. त्याआधी बूट घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाची मागणीही बहुतेक वेळा एकच असते: सगळ्या डोंगरांवर चालेल असा एक जोड द्या. त्यावर मिळणारे सल्ले ठरलेले असतात. घोटा झाकणारा घ्या, वॉटरप्रूफच घ्या, तळाची नक्षी खोल बघून घ्या, जरा महागातला घ्या. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी डोंगरावर, कुणाच्या तरी पायात खरा ठरलेला आहे. सल्ला देताना तो डोंगर आणि ती चाल मात्र कोणी विचारात घेत नाही.

सिद्धगड या विषयासाठी मुद्दाम निवडला, कारण इथे एका दिवसात पायाखालची जमीन चार-पाच वेळा बदलते. पायथ्याला शेतांचे बांध, मग रानातली मातीची चढण, वाटेत ओढे, वर माचीची सपाटी आणि त्यावर सिद्धगडवाडीची वस्ती. माची सोडून बालेकिल्ल्याकडे वळले की खडा चढ, घसारा आणि कातळ सुरू होतो. गडाची उंची सुमारे ३२०० फूट. हिमालयाच्या हिशोबात ती काहीच नाही, पण पायाची परीक्षा उंचीवर ठरत नसते.

शिवाय ऋतू बदलला की गडही बदलतो. २ जानेवारी १९४३ रोजी याच गडाच्या जंगलात इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दर वर्षी त्या दिवशी लोक त्यांना अभिवादन करायला येतात, तेव्हा वाट कोरडी आणि घट्ट असते. एप्रिलमध्ये त्याच वाटेवरचा मुरूम सुटा होतो आणि पावलाखालून सरकू लागतो. जुलैत तिचा चिखल होतो आणि कातळावर शेवाळ चढते. म्हणजे "सिद्धगडाला कोणता बूट?" या प्रश्नालाच निदान तीन उत्तरे आहेत.

मग सगळीकडे चालणारा बूट नसतोच का? असतो, पण तो तडजोड असतो. बर्फाळ देशांत स्की करणाऱ्यांपुढे हाच पेच आहे. तिथे 'ऑल-माउंटन' नावाच्या स्की मिळतात. घट्ट दाबलेल्या बर्फावर अरुंद पट्टी बरी आणि भुसभुशीत बर्फावर रुंद, म्हणून या पट्ट्यांची पाय बांधतात त्या भागातली रुंदी साधारण ८० ते १०० मिलिमीटर, म्हणजे मधली ठेवलेली असते. अनुभवी स्कीपटू पट्टीवरचे नाव वाचून खरेदी करत नाही. आपला बहुतेक वेळ कोणत्या बर्फावर जातो आणि आपण वळणे कशी घेतो, ते तो आधी पाहतो. आपल्याकडे बूट घेताना हा विचार फार कमी होतो.

सगळ्यात पक्का गैरसमज पकडीचा. तळाची नक्षी जितकी खोल तितकी ग्रिप जास्त, असे जवळजवळ सगळेच धरून चालतात. खोल खाचांच्या रबरी तळाचा जन्म आल्प्समधला. व्हिताले ब्रामानी हा इटालियन गिर्यारोहक. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती दगावले. त्यानंतर पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने त्याने १९३७ मध्ये रबरी खाचांचा सोल आणला, तोच पुढे व्हिब्रम नावाने जगभर गेला. तोवर गिर्यारोहकांच्या बुटांना खाली लोखंडी खिळे असत. बर्फ, माती आणि खडक असे सगळे एकाच चढाईत भेटणाऱ्या डोंगरांसाठी तो सोल होता. मऊ जमिनीत खाच रुतते, म्हणून चिखलात आणि ओल्या मातीत तिचा उपयोग आहेच. त्यातही खाचांमध्ये मोकळी जागा हवी, नाहीतर दहा पावलांत चिखल भरून तळ सपाट होतो.

कातळावरचा हिशोब वेगळा आहे. आपला सह्याद्री बेसाल्टचा आणि बेसाल्टमध्ये कोणतीही खाच रुतत नाही. तिथे पकड येते ती रबर दगडाच्या बारीक उंचसखलपणात दबून बसल्यामुळे. त्यासाठी रबर मऊ हवे आणि दगडाला टेकणारे क्षेत्र जास्त हवे. प्रस्तरारोहणाच्या बुटांचा तळ गुळगुळीत असतो तो याचसाठी. खोल आणि विरळ नक्षीचा कडक सोल कातळावर मोजक्या टोकांवर उभा राहतो. अ‍ॅक्शन कंपनीच्या साध्या, स्वस्त ट्रेकिंग शूजने सह्याद्रीत इतकी वर्षे नाव कमावले ते तळाच्या रबराच्या जोरावर. किमतीचा आणि पकडीचा संबंध किती सैल आहे, हे आपल्या ट्रेकरांना त्या बुटानेच शिकवले. मऊ रबराची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, ते लवकर झिजते. डांबरी रस्त्यावर रोज तेच बूट घालून हिंडलात तर वर्षभरात तळ गेला म्हणून कंपनीला दोष देऊ नये.

आणि शेवाळलेला ओला दगड? त्यावर कोणताच सोल चालत नाही. रबर आणि दगड यांच्यामध्ये शेवाळाचा बुळबुळीत थर असतो आणि पाय पडताच तो थरच सरकतो. बूट कितीचाही असो, त्या जागी पाऊल टाकायचे नाही. कडेला माती, मूळ किंवा खडबडीत दगड शोधायचा आणि तो नसेल तर बसून उतरायचे. 'पावसाळी ग्रिप'च्या भरवशावर पावसात बालेकिल्ला चढणाऱ्यांना मला हे अगदी कळकळीने सांगायचे आहे.

घोटा झाकणाऱ्या बुटाने पाय मुरगळत नाही, हा दुसरा समज. १९९३ मध्ये अमेरिकेत ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटक्या घोट्याचे बूट वाटून पाहणी झाली. पाय मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य. पण बुटाची मऊ कड शरीराचे सगळे वजन तोलून धरू शकत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे. पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना, पोटऱ्या थकल्यावर, घाईत. ज्यांचा घोटा आधी दुखावला आहे त्यांना बुटाच्या उंचीपेक्षा घोट्याला बांधायचा पट्टा आणि एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम जास्त उपयोगी पडतात.

तरीही उंच बुटाला मी नावे ठेवणार नाही. सिद्धगडाचे रान करवंदीच्या जाळ्यांचे आहे. घसाऱ्यातले खडे बुटक्या बुटात शिरतात. फुरसे पालापाचोळ्यात दिसत नाही आणि झाकलेला घोटा उघड्या घोट्यापेक्षा केव्हाही बरा. उंच बूट या कारणांसाठी घ्या, मुरगळण्याच्या भीतीने नको. आणि घेताना वजन बघा. पायात बांधलेल्या एक किलोला पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी ताकद लागते, असे सैनिकांच्या आणि गिर्यारोहकांच्या बुटांवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. दिवसभरात पाय हजारो वेळा उचलायचा असतो. जड बूट सुरक्षित वाटतो, पण थकलेला पाय अडखळतो.

वॉटरप्रूफचे प्रकरण पावसाळ्यात उलटते. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन जातीचा पदार्थ झटक्याने ताणला आणि त्यातून गोर-टेक्सचा पडदा निघाला. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. शोध खरोखर मोठा आहे. पण वाफ बाहेर पडते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तर. जुलैतल्या मुरबाडच्या हवेत बाहेरही वाफच भरलेली असते, त्यामुळे घाम आतच राहतो. दुसरी अडचण ओढ्यांची. गुडघाभर पाण्यात उतरलात की पाणी वरून बुटात शिरते आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही, तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. मग दिवसभर बुटातच डबके घेऊन चालावे लागते. आपल्या पावसात पाय ओला होणारच हे धरून चालावे आणि पाणी निथळून जाईल असा जाळीचा बूट घालावा. वॉटरप्रूफ बुटाची जागा हिमालयातल्या बर्फात आणि हिवाळ्यातल्या दवाच्या गवतात आहे. मोजे मात्र सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवते, ओली कातडी घासली जाते आणि फोड येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे.

"वाडीतले लोक साध्या रबरी चपलांवर चढतात, मग आपल्याला कशाला बूट?" हे ऐकले की मला वाईट वाटते, कारण या बोलण्यात वाडीतल्या माणसांच्या पायाची किंमत कोणी धरत नाही. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्या दक्षिण भारतीयांच्या पायांचा बेल्जियमच्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पाय पुढच्या बाजूला रुंद आढळले आणि चालताना भार तळव्यावर जास्त सारखा पसरलेला दिसला. केनियात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तळव्याची जाड कातडी दगडाच्या टोकापासून संरक्षण देते, पण स्पर्शाची जाण कमी करत नाही, असे आढळले. म्हणजे वाडीतल्या माणसाला दगड कळतो आणि बोचत नाही. त्यात वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखीचा. हे चपलेचे कर्तृत्व नव्हे, त्या पायाने आयुष्यभर केलेले काम आहे. शहरातला पाय एका रविवारी त्याची बरोबरी करू शकत नाही.

आता पायाची ठेवण. तळवा सपाट की कमानदार ते बघून बूट ठरवला की दुखापत टळते, असे दुकानात ठामपणे सांगतात. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन कोर या तिन्हींच्या नव्या भरतीच्या जवानांवर हे करून पाहिले गेले. तळव्याची ठेवण बघून बूट दिलेल्यांच्या आणि सगळ्यांना एकाच प्रकारचे बूट दिलेल्यांच्या दुखापतींत फरक पडला नाही. जुन्या बुटाच्या टाचेची बाहेरची कड झिजलेली दाखवून "तुमच्या चालीत दोष आहे" म्हणणाऱ्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनेच आधी टेकते.

मापाकडे मात्र आपण फारच कमी लक्ष देतो. भारतात बुटांचे आकडे ब्रिटिश पद्धतीचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय पाश्चात्त्य पायापेक्षा रुंद असल्याचे दिसले आणि त्यावरून 'भा' ही भारतीय मापपद्धती सुचवली गेली. रुंदीत आवळणारा बूट घेणारा माणूस एक नंबर वाढवून लांबीत मोठा बूट घेतो, मग उतारावर पाय पुढे घसरत राहतो. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बघावा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि टाच जागची हलता कामा नये. दुकानात जिना किंवा उतार असेल तर उतरून बघा. बोटे पुढे आपटत असतील तर सिद्धगडाच्या उतरणीवर नखे काळी होणार, हे नक्की.

या सगळ्यातून आपल्या चालीचा बूट कसा काढायचा? पाठीवर छोटी सॅक, झपझप चाल आणि उतारावर धावणारे पाय असतील, तर हलका, बुटका, मऊ रबराचा बूट. मुक्कामाचे सामान वाहणारे, सावकाश आणि टाच रोवून चालणारे असाल, तर थोडा ताठ तळ हवा, म्हणजे दगडांची टोके पायाला लागत नाहीत. जे फक्त पावसाळ्यात बाहेर पडतात त्यांना मोकळ्या खाचांचा आणि पाणी निथळणारा बूट लागतो. शेजारच्या गोरखगडासारख्या कातळात खोदलेल्या पायऱ्या ज्यांना खुणावतात, त्यांनी कमी खोल नक्षीचा, पुढच्या चवड्याखाली सपाट रबर असलेला बूट बघावा. बूट हातात घेऊन वाकवून बघा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मध्येच दुमडत असेल तर ठेवून द्या.

एक गोष्ट बूट घेतल्यानंतरची, आणि आपल्या हवेत ती फार महत्त्वाची. महागाचा बूट जपून, वर्षातून एकदाच वापरला म्हणजे तो टिकतो, असे वाटते. पण अनेक चांगल्या बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो रेणूंच्या पातळीवर तुटत जातो आणि न वापरताही पाच-दहा वर्षांत त्याचा भुगा होतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चढणीवर अख्खा सोल सुटून हातात येतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवल्याने ओल आत कोंडते आणि हे आणखी लवकर घडते. बूट उघड्या, कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून घाला, आणि ट्रेकच्या आधी तळ अंगठ्याने दाबून व वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा कडेने पीठ सुटले तर तो जोड घरीच राहू द्या. शंका असूनही नेलाच, तर सॅकमध्ये सुतळी आणि चिकटपट्टी ठेवा. बालेकिल्ल्याच्या घसाऱ्यात सोल सुटला तर माचीपर्यंत उतरायला त्याच कामी येतात.