इतिहास शिकून काय मिळतं?

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, बचतीचे पैसे मोजून झाले, तरी एक ताई उठेनात. त्यांची मुलगी बारावी झाली. तिला बी.ए. करायचंय, तेही इतिहास घेऊन. घरी सगळे म्हणतात, "मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून पोट भरतं का? त्यापेक्षा लग्न उरकून टाका." ताई आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही इतिहासच घेतला होता ना? मग खरं काय ते सांगा."

त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

सनावळ्या असतात, पण तेवढ्यावर भागत नाही. कॉलेजात तीन प्रश्न विचारायची सवय लागते: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं? मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. तिथून चढून गेलं की नाणेघाट. वरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणून तो ओळखला जातो. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे त्यात आकडे आहेत. आपल्या गटाच्या वहीसारखीच नोंद! पण त्याच घाटातून ओझी वाहणाऱ्यांची नावं तिथे नाहीत. नोंद कोणाची राहते आणि कोणाची राहत नाही, हे कळायला लागतं.

आपल्या सिद्धगडाचंच बघा. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. हे पुस्तकात मिळतं. पण रानात लपलेल्या क्रांतिकारकांना भाकरी कोणी पोचवली असेल? त्यासाठी म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचारावं लागतं, ऐकलेलं पडताळावं लागतं. त्याला मौखिक इतिहास म्हणतात.

हे शिक्षण रोजच्या कामात कुठे येतं? वनहक्क कायदा २००६ चा. दाव्याला पुरावे लागतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही नियमांत धरलेला पुरावा आहे. आजीला सन आठवत नाही. ती म्हणते, "धरणाचं काम चालू होतं, तेव्हा मी लग्न होऊन आले, तेव्हाही आम्ही हीच जमीन कसत होतो." धरणाच्या कामाचं साल कागदात सापडतं. त्यावरून आजीच्या बोलण्याला काळ मिळतो. इतिहास शिकलेली मुलगी हे काम नीट करू शकते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेची किंवा महसुलाची जुनी नोंद शोधतानाही हीच नजर लागते. काही जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडी शिकली तर त्याचंही काम मिळू शकतं.

आता नोकरीचं. नुसत्या पदवीने नोकरी हातात पडत नाही, हे आम्ही लपवत नाही. पण पदवीनंतर बी.एड. करून शिक्षिका होता येतं. एमपीएससीला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि तिथे इतिहास विषय असतोच. पुढे शिकलं तर संग्रहालय, पुरातत्त्व, पुराभिलेख ही क्षेत्रं आहेत. रोज कॉलेजला जाणं जमत नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून, मराठीतून बी.ए. करता येतं. कॉलेजात प्रवेश घेण्याआधी मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत इतिहास विषय शिकवतात का, एसटीचा पास आणि शिष्यवृत्ती कशी मिळते, हे ऑफिसात विचारून घ्या.

त्या ताईंनी सगळं ऐकलं. पुढच्या बैठकीत गटाने प्रवेशाच्या फीसाठी त्यांना कर्ज मंजूर केलं. लग्नाची बोलणी तूर्त थांबली आहेत. मुलीने पहिलं काम स्वतःच्या आजीपासून सुरू केलंय. वहीच्या पहिल्या पानावर आजीचं माहेरचं नाव लिहिलंय. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरी कोणाला ठाऊक आहे? आज रात्री जेवताना विचारून बघा.