चितपटीपलीकडची कुस्ती : खाशाबा जाधव आणि जाणता प्रेक्षक

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, गावच्या यात्रेचा दुसरा दिवस हगाम्याचा असतो. हलगी कडाडू लागली की म्हातारीकोतारी माणसेही आखाड्याभोवती जागा धरून बसतात. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. पुढे बक्षिसाची रक्कम वाढत जाते आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. डाव पडण्यापूर्वीच तो ओळखणारे आणि पकड पाहून मल्लाचा वस्ताद कोण हे सांगणारे रसिक येथे गावोगावी आढळतात. कुस्तीची ही जाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे.

असे असूनही हाच रसिक गादीवरची आंतरराष्ट्रीय पद्धतीची कुस्ती पाहताना अनेकदा गोंधळून जातो. पाठीला माती न लागताच कुस्ती सुटते, गुणफलकावर आकडे बदलतात आणि पंच एका मल्लाचा हात उंचावतात. प्रेक्षकांतून प्रश्न येतो, “चितपट कुठे झाली?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे हे शिक्षक, पंचायत सदस्य व क्रीडा कार्यकर्ते यांचे काम आहे. या उत्तराचा धागा आपल्याला महाराष्ट्राच्याच एका थोर मल्लाच्या चरित्रात सापडतो.

गोळेश्वर ते हेलसिंकी

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडनजीकच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः कुस्तीगीर होते. कराडचे टिळक हायस्कूल आणि नंतर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सर्वांत हलक्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम हे दोन्ही तेथे नवे होते. अमेरिकन मार्गदर्शक रीस गार्डनर यांचे साहाय्य त्यांना या काळात लाभले.

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे ते ५७ किलो गटात, मुक्त शैलीत उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरविले. पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरलेला जपानचा शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ लढत झाली व ते पराभूत झाले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढावे लागले. दोन लढतींच्या मध्ये विश्रांतीची तरतूद नियमांत होती, परंतु तिचा आग्रह धरणारा भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. ही लढतही गेली. तरीही कांस्यपदक त्यांच्याकडे आले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांनी त्यांच्या गटात चौथा क्रमांक मिळविला, हेही विसरता कामा नये.

या यशामागे लोकांचा हात होता. प्रवासाच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांना कराडहून गावी नेण्यासाठी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत ते स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे ऋण फेडले. ज्या प्रेक्षकांनी त्या वेळी तिकिटे काढली, त्यांची दाद केवळ टाळ्यांपुरती नव्हती. एका शिक्षकाचे घर सोडविण्यास तिचा हातभार लागला.

त्या काळी खेडोपाडी दूरचित्रवाणी नव्हती. मिरवणुकीत सामील झालेल्यांनी हेलसिंकीची लढत पाहिलेली नव्हती, तरी तिचे मोल त्यांनी ओळखले. आज परिस्थिती उलट आहे. जगातील कोणतीही लढत हातातील मोबाइलवर दिसते, पण तिच्यात नेमके काय घडले हे सांगणारा जवळ नसतो.

गुणांची भाषा

मुक्त शैलीच्या कुस्तीत संपूर्ण शरीराची पकड चालते. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड करता येत नाही व पायांचा उपयोगही करता येत नाही. मुक्त शैलीत पट काढणे, टांग मारणे हे सर्व चालते, म्हणून आपल्या मातीतील कुस्तीला ही शैली जवळची आहे. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. गादीवरील लढतीचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते.

गुण कसे मिळतात हे लक्षात ठेवणे अवघड नाही. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलले तर एक गुण. त्याला खाली बसवून मागून ताबा मिळविला तर दोन गुण. खाली असलेल्या मल्लाची पाठ गादीकडे फिरविली, म्हणजे आपल्याकडील भारंदाजासारखा डाव साधला, तरीही दोन गुण. उभ्या स्थितीतून थेट पाठीवर आणले तर चार, आणि उंच उचलून मोठ्या कमानीने फेकले तर पाच गुण. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. जो मल्ल लढत टाळतो त्याला प्रथम समज मिळते. नंतर त्याला तीस सेकंदांची मुदत देण्यात येते व तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. मातीतील खडाखडी कितीही लांबली तरी चालत असे. गादीवर तिला ही मर्यादा आहे.

एक उदाहरण घेऊ. लाल पोशाखातील मल्लाने निळ्या मल्लास दोनदा बाहेर ढकलले आणि एकदा पट काढून ताबा घेतला. त्याचे चार गुण झाले. निळ्या मल्लाने एकदाच ढाक मारून लाल मल्लास उभ्याचा पाठीवर आणले. त्याचेही चार गुण झाले. वेळ संपली. सामान्य प्रेक्षकास वाटते की लाल मल्ल तीनदा वरचढ ठरला, तेव्हा विजय त्याचा. नियम मात्र असा आहे की, गुण समान असता अधिक मोलाचा डाव करणारा जिंकतो. विजय निळ्या मल्लाचा होय. हा नियम मोठ्या डावाचे धाडस करणाऱ्यास झुकते माप देतो. हे एकदा समजले म्हणजे शेवटच्या मिनिटात मल्ल मोठा डाव का टाकू पाहतो, याचा उलगडा होतो.

आता चितपटीचा प्रश्न. गादीवरही चितपट हाच श्रेष्ठ विजय आहे व ती झाली की गुणांचा हिशेब संपतो. मातीत पाठ लागली की कुस्ती निकाली होते. गादीवर दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले आणि ते क्षणभर प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात राहिलेले दिसावे लागतात. घाईगर्दीत एक खांदा टेकून उचलला गेला तर ती चितपट नव्हे. हा फरक डोळ्यांच्या एका पापणीएवढा असतो. मैदानावरील पंच, बाजूचे पंच आणि गादीप्रमुख अशी तिघांची रचना त्याकरिताच आहे. ज्या स्पर्धांत चित्रफितीची सोय असते तेथे मार्गदर्शकाला निर्णयास आव्हान देता येते, आणि ते फेटाळले गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

आपल्याच अंगणातील धडा

हा तपशील केवळ हौसेचा नाही. ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते किताबासाठी गादीवर लढतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या या स्पर्धेत चितपटीच्या एका निर्णयावरून वाद पेटला आणि पंचाशी गैरवर्तन झाले. पुढे संघटनेने दोन मल्लांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर केले. निर्णय योग्य की अयोग्य, हे तज्ज्ञांनी सांगावे. परंतु खांदे टेकले म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे तो प्रेक्षक हुल्लडीत सहसा सामील होत नाही. जाणत्या गर्दीत पंच निर्भय राहतो आणि मल्लही आवरलेला राहतो.

याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीर यांनी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी किताब मिळविला. अंतिम लढत शैलेश शेळके यांच्याशी होती व दोघेही काका पवार यांच्या तालमीतील. अवघ्या एका गुणाने, ३-२ अशी ती सुटली. जिंकताच हर्षवर्धन यांनी पराभूत मित्राला खांद्यावर उचलून घेतले. त्या लढतीत चितपट झाली नव्हती, तरीही प्रेक्षकांच्या मनात ती कायमची राहिली. श्रीगोंदे तालुक्यातील भाग्यश्री फंड हिने २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. महिलांची मुक्त शैलीची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. गावच्या तालमीचे दार मुलींसाठी उघडावयाचे तर त्यांची कुस्ती समजून घेणारा प्रेक्षकही घडवावा लागेल.

जगातील रसिक थोर मल्लाला कशावरून ओळखतात? रशियाच्या बुवायसार सैतिएव या मल्लाने १९९६, २००४ व २००८ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. २००० मध्ये सिडनीला तो हरला होता. त्याचे चाहते त्याच्या विजयांइतकेच त्या पराभवानंतरच्या पुनरागमनाचे कौतुक करतात, आणि त्याच्या ढिल्या वाटणाऱ्या पवित्र्यात दडलेली पकड न्याहाळतात. आपल्या हगाम्यातील जुना रसिक हेच करीत आला आहे. त्याच्या नजरेला गुणांची भाषा तेवढी जोडून द्यावयाची आहे.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. हगाम्याच्या निवेदकाने प्रत्येक मोठ्या कुस्तीत डावाचे नाव आणि गादीवर त्याला किती गुण मिळाले असते, हे सांगावे. आखाड्याजवळ गुणांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लावावा. शाळेत क्रीडा शिक्षकांनी एखाद्या लढतीचे चित्रण थांबवून थांबवून दाखवावे व विद्यार्थ्यांना गुण मांडावयास सांगावे. पंच आणि विद्यार्थी यांच्या गुणांत फरक पडला तर त्यावर चर्चा घडवावी. ग्रामपंचायतींनी तालमीला मातीच्या आखाड्याबरोबर गादी मिळवून देण्याचा विचार करावा. मातीत बळ आणि पकड येते, गादीवर वेग आणि वेळेचे भान येते. खाशाबांना गादीची ओळख परदेशी जाऊन करून घ्यावी लागली. आजच्या मुलाला ती गावातच व्हावी.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिन महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे स्वप्नील कुसाळे यांनी ते नेमबाजीत मिळविले. कुस्तीतील पदकाची मात्र महाराष्ट्र अजून वाट पाहत आहे. ते पदक आणणारे मूल कदाचित आज एखाद्या हगाम्यात रेवड्यांसाठी लढत असेल. त्याने साधलेल्या दोन गुणांच्या डावाला भोवतालच्या गर्दीने ओळखून दाद दिली, तर त्याची वाट निश्चितच सुकर होईल.