शिकता शिकता पगार : वीज आणि संगणकातलं संशोधन

सोनईसारख्या गावातून पॉलिटेक्निकची पदविका घेतलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पदवीनंतरचं शिक्षण झेपणार नाही, असं मात्र पुष्कळ घरांत आधीच ठरून जातं. वास्तव वेगळं आहे. गेट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन आयआयटीत एम.टेक.ला गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. त्याबदल्यात आठवड्याचे आठेक तास विभागाचं काम करायचं : प्रयोगशाळेत पदवीच्या मुलांना ऑसिलोस्कोपवरची लहर स्थिर करून दाखवायची, जर्नल्स तपासायची. पीएच.डी.ची केंद्रीय पाठ्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. चांगला गेट गुणांक असेल तर अनेक आयआयटी एम.टेक.शिवायही पीएच.डी.ला घेतात, हे फार कमी जणांना माहीत असतं.

राज्यातल्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जाहिरातींची मुदत थोडी असते, म्हणून जातवैधता आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत. गेटचा निकाल तीन वर्षं चालतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षातही परीक्षा देता येते, तेव्हा शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये.