नेमो घरी आणताय? मग ॲनिमोनची घाई करू नका, कारण...

फिश टँकचे रील्स बघत असाल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. निळसर प्रकाश, पाण्यात डुलणारी गुबगुबीत बोटं आणि त्यात लपाछपी खेळणारा केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. 2003 साली आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या सिनेमाने हा क्लाउनफिश घराघरात पोहोचवला. आणि ती बोटं असतात सी ॲनिमोनची, म्हणजेच समुद्रफुलाची.

ही जोडी बघून अनेकांना वाटतं की दोघांना एकदमच घरी आणावं. गडबड इथेच होते. समुद्रात क्लाउनफिशला ॲनिमोनशिवाय जगणं कठीण असतं, पण काचेच्या टाकीत त्याचं ॲनिमोनवाचून काहीच अडत नाही. उलट ज्याला आपण सजावट समजतो, तो ॲनिमोनच टाकीतला सगळ्यात नाजूक जीव ठरतो.

नाव फूल, पण काम शिकाऱ्याचं

ॲनिमोन ही वनस्पती नाही. तो जेलीफिश आणि प्रवाळांच्या कुळातला प्राणी आहे. त्याच्या बोटांवर, म्हणजे शुंडकांवर, हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. लहान मासा चुकून चिकटला, तर त्याला डंख मारून ॲनिमोन गिळून टाकतो.

मग क्लाउनफिश कसा वाचतो? याचं उत्तर त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात आहे. या थरात सियालिक ॲसिड नावाचा घटक खूप कमी असतो आणि त्यामुळे डंख सुटत नाहीत, असं जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी 2025 मध्ये मांडलं.

बदल्यात ॲनिमोनलाही फायदा होतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ॲनिमोनला पुरवतं आणि माशाची विष्ठा या शैवालाला खत म्हणून उपयोगी पडते. शिवाय ॲनिमोन कुरतडायला येणाऱ्या माशांना क्लाउनफिश हुसकावून लावतो.

कोणताही ॲनिमोन चालतो का?

नाही. जगात ॲनिमोनच्या हजाराहून जास्त जाती आहेत, पण क्लाउनफिश राहतात त्यातल्या जेमतेम 10 जातींमध्ये. घरच्या टाकीसाठी त्यातल्या त्यात सोपा मानला जातो तो 'बबल टिप'. नेमोसारखा दिसणारा 'ऑसेलॅरिस' क्लाउनफिश समुद्रात या जातीत सहसा राहत नाही, पण टाकीत बरेचदा तिला आपलंसं करतो. 'कार्पेट' ॲनिमोन दिसायला देखणा असतो, पण तो खूप मोठा होतो आणि टाकीतले इतर मासे खाऊ शकतो. नवशिक्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

दुकानात पांढराफटक किंवा भडक पिवळा, गुलाबी ॲनिमोन दिसला तर सावध व्हा. पांढरा म्हणजे बहुतेक वेळा अंगातलं शैवाल गमावलेला, उपाशी जीव. भडक रंग अनेकदा वरून दिलेला असतो.

ॲनिमोन मरतो का?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे घाई. नव्या टाकीत विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. ॲनिमोनसाठी तर टाकी किमान सहा महिने ते वर्षभर स्थिर चाललेली असावी, असं जाणकार सांगतात.

दुसरं कारण उष्णता. पाणी साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस राहायला हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे जवळपास अशक्य आहे, त्यात दिवे आणि पंपही पाणी तापवतात.

तिसरं कारण खारटपणा. पाण्याची वाफ होते, पण मीठ टाकीतच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, तर आरओचं गोडं पाणी घालायचं.

चौथं कारण अनेकांच्या लक्षातच येत नाही. ॲनिमोन चालतो! जागा किंवा प्रकाश आवडला नाही की तो सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी जातो आणि आत ओढला जाऊन चिरडतो. मेलेला ॲनिमोन झपाट्याने कुजतो आणि एका रात्रीत सगळ्या टाकीचं पाणी विषारी करू शकतो. म्हणून पंपाच्या तोंडावर आधीच जाळी किंवा स्पंज बसवा. ॲनिमोनचं तोंड सतत उघडं असेल, अंग लिबलिबीत झालं असेल आणि दुर्गंधी येत असेल, तर त्याला लगेच बाहेर काढा.

मासे किती आणायचे?

लहान टाकीत दोनच. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो आणि तीच गटावर राज्य करते. त्यामुळे एक मोठा आणि एक लहान मासा घेतला, की जोडी सहसा जमते. नीट सांभाळल्यास ते 20 वर्षांहून जास्त जगू शकतात, म्हणजे ही जबाबदारीही तितकीच लांबची आहे.

विकत घेताना काय विचारायचं?

पहिला प्रश्न: मासा समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीत वाढलेला? क्लाउनफिशची पैदास आता भारतातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही अशा शोभिवंत समुद्री माशांचं बीजोत्पादन केंद्र उभं राहिलं. बबल टिप ॲनिमोनचे टाकीतच दोन भाग होऊन नवा जीव तयार होतो. त्यामुळे एखाद्या अनुभवी हौशी माणसाकडून असा वाढलेला ॲनिमोन मिळाला, तर उत्तमच.

दुसरी गोष्ट कायद्याची. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगडही अनेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी कृत्रिम सिरॅमिक दगड वापरता येतो.

मग सुरुवात कशी करायची?

आधी फक्त हॅचरीतली क्लाउनफिशची जोडी आणा. ती पंपाचा एखादा कोपरा किंवा दगडाची कपार आपलं घर मानून मजेत राहते. वर्षभर पाणी, तापमान आणि खारटपणा सांभाळता आला, एक अख्खा उन्हाळा आणि काही पॉवरकट निभावले, की मग ॲनिमोनचा विचार करा. आणि तो नाहीच आणला, तरी तुमच्या नेमोची काही तक्रार नसेल.