बटाट्याची थालीपिठे : सुरक्षित साठवण व नासल्याची लक्षणे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील आंबेगाव व जुन्नर हे तालुके बटाट्याच्या पिकासाठी सर्वपरिचित आहेत. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरीप हंगामात पावसाच्या पाण्यावर बटाट्याची मोठी लागवड होते, आणि मंचरची बाजारपेठ बटाट्याच्या व्यवहारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. साहजिकच या भागातील घराघरांत बटाटा हे नित्याचे अन्न झाले आहे. काढणीच्या दिवसांत विक्रीयोग्य माल निवडल्यानंतर जो बारीक किंवा कुदळीचा मार लागलेला बटाटा मागे राहतो, तो घरी खाण्यासाठी वापरला जातो. त्याची भाजी होते, कीस होतो आणि थालीपिठेही होतात. एकादशी, महाशिवरात्र व संकष्टी चतुर्थी या उपवासांच्या दिवशी बटाट्याच्या थालीपिठांना विशेष मागणी असते. मंचर-घोडेगाव मार्गाने भीमाशंकरला जाणारे किंवा ओझर व लेण्याद्रीच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू ती शिदोरीतही नेतात.

हे अन्न पौष्टिक व रुचकर आहे, यात शंका नाही. परंतु ते भाकरीप्रमाणे टिकत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सकाळी केलेले थालीपीठ दुपारी शेतावर आणि उरलेले रात्री मुलांना, असा प्रघात अनेक घरांत आढळतो. त्यातून उलट्या-जुलाबाचे विकार उद्भवू शकतात, आणि लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना ते विशेष घातक ठरतात. यास्तव या अन्नाची साठवण कशी करावी व ते नासले आहे हे कसे ओळखावे, याची माहिती ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना व शेतकरी कुटुंबांना असणे अगत्याचे आहे.

भाकरी टिकते, थालीपीठ का टिकत नाही?

ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. बाजरीची भाकरी तव्यावर व नंतर विस्तवावर भाजली जाते, तेव्हा तिच्यातील बरेच पाणी निघून जाते. थालीपिठाचे तसे नसते. तव्यावर त्याची वरची व खालची बाजू खरपूस होते, पण आतील बटाटा ओलाच राहतो. ओलावा, पिष्ट आणि उबदार हवा ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे सूक्ष्म जंतूंची वाढ झपाट्याने होते.

शिवाय बटाटा मातीत वाढतो. मातीतील काही जंतू बीजरूपाने राहतात व ही बीजे शिजवण्याच्या उष्णतेतही मरत नाहीत. अन्न कोमट झाले की ती पुन्हा रुजतात. बॅसिलस सेरियस हा जंतू याच प्रकारचा आहे. त्याने अन्नात सोडलेले, उलट्या घडवून आणणारे विष पुन्हा तापवल्यानेही नाहीसे होत नाही. स्टॅफिलोकोकस हा दुसरा जंतू माणसाच्या नाकात व हातावरील पिकलेल्या जखमेत असतो. त्याचे विषही उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ‘पुन्हा तव्यावर टाकले म्हणजे झाले’ ही समजूत चुकीची आहे.

५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान जंतूंच्या वाढीला अनुकूल असते. शिजवलेले ओले अन्न या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. हवेचे तापमान ३२ अंशांच्या पुढे असेल तर ही मुदत एकच तासाची समजावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी जुन्नर-आंबेगाव भागात तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते, हे लक्षात घेता उन्हाळ्यात अधिक दक्षता हवी.

सुरुवात बटाट्यापासून

चांगल्या थालीपिठासाठी बटाटाही चांगला हवा. काढणीनंतर बटाट्याची आरण लावताना ती सावलीत लावून तिच्यावर पुरेसे आच्छादन घालावे. उजेड लागल्यास बटाट्याची साल हिरवी पडते व त्यात सोलॅनिन व तत्सम विषारी द्रव्ये वाढतात. मोड आलेल्या बटाट्यातही ती अधिक असतात. उकडल्याने किंवा भाजल्याने ती नष्ट होत नाहीत. १९६९ मध्ये लंडनमधील एका शाळेत, मागील सत्रापासून पडून राहिलेल्या पोत्यातील बटाटे खाल्ल्याने ७८ मुलांना विषबाधा झाली होती. बटाटा किंचित हिरवा असेल तर तेवढा भाग जाड काढून टाकावा. तो बराच हिरवा, मऊ किंवा चवीला कडू असेल तर सर्व फेकून द्यावा.

उपवासाच्या थालीपिठात वरई, शिंगाडा किंवा राजगिऱ्याचे पीठ व शेंगदाण्याचा कूट घालतात. हे जिन्नसही कोरडे व ताजे असावेत. दमट जागी ठेवलेल्या पिठात व शेंगदाण्यात बुरशी वाढते. शेंगदाण्यावरील एका बुरशीपासून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते शिजवूनही जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा या गावी एकादशीच्या प्रसादातील भगरीनंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली होती. उपवासाचे अन्न पवित्र असले तरी ते जंतूंपासून आपोआप मुक्त नसते, हा या घटनेचा बोध आहे. वरई बंद पाकिटातील व अलीकडे दळलेली घ्यावी आणि महिनोन्‌महिने साठवू नये.

भिजवलेले पीठ व किसलेला बटाटा

किसलेला कच्चा बटाटा थोड्याच वेळात तांबूस किंवा काळसर होतो. हवेतील प्राणवायूमुळे होणारा हा रंगबदल आहे, नासणे नव्हे. कीस लगेच थंड पाण्यात टाकल्यास रंग टिकतो. परंतु तो पाण्यातही उबेला रात्रभर ठेवू नये. कीस, मीठ व पीठ एकत्र भिजवल्यावर मिठामुळे पाणी सुटते व मिश्रण पातळ होते. असे मिश्रण केल्याबरोबर वापरावे. फ्रीज असल्यास ते झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. त्याला आंबूस वास आल्यास ते टाकून द्यावे.

भाजल्यानंतर काय करावे

पहिली चूक येथेच होते. गरम थालीपिठे एकावर एक रचून डब्यात घालतात आणि झाकण लावतात. वाफ आतल्या आत कोंडते, झाकणाला पाण्याचे थेंब धरतात व ते थालीपिठांवर पडतात. डब्याचे मधले थर कित्येक तास कोमट राहतात. जंतूंना याहून सोयीची जागा नाही.

यासाठी पुढील क्रम ठेवावा. हात साबणाने धुवावेत. हातावर जखम असेल तर थापण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. थालीपीठ दोन्ही बाजूंनी भाजून मधोमध चांगले शिजले आहे याची खात्री करावी. तव्यावरून उतरवल्यावर ते सुपात किंवा जाळीवर एकेक पसरावे आणि माश्यांपासून बचावासाठी वर पातळ स्वच्छ फडके घालावे. वाफ निघून गेली की उथळ भांड्यात ठेवावे. सर्व प्रक्रिया दोन तासांच्या आत पूर्ण व्हावी.

फ्रीज असल्यास दोन थालीपिठांमध्ये कागद घालून बंद डब्यात ठेवावीत. ५ अंशांखाली ती तीन ते चार दिवस चांगली राहतात. बर्फाच्या कप्प्यात तापमान उणे १८ अंश राहत असेल तर ती अधिक काळ टिकतात, पण दोन महिन्यांत चव कमी होते. वीज गेल्यास फ्रीजचे दार उघडू नये. दार बंद असताना सुमारे चार तास आतील थंडावा टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज नसल्यास शिजवलेले अन्न टाकून द्यावे.

पुन्हा गरम करताना दोन्ही बाजूंनी, मधून वाफ येईपर्यंत तापवावे. जेवढे खायचे तेवढेच गरम करावे आणि एकदा गरम केलेले पुन्हा ठेवू नये.

बटाटा ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळून कोमट ठेवण्याची पद्धत हॉटेलांतून घरांतही आली आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल पासो येथे १९९४ मध्ये कागदात गुंडाळून भाजलेले बटाटे तसेच बाहेर ठेवले गेले. त्यांपासून केलेल्या पदार्थाने ३० जणांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार झाला. हवा न मिळाल्यास वाढणाऱ्या जंतूचे हे कार्य होय. म्हणून गरम थालीपीठ असे गुंडाळून दिवसभर ठेवणे टाळावे.

शेतावरची शिदोरी

सकाळी सहाला निघून दुपारी एकला जेवणाऱ्या शेतमजुरांची अडचण मात्र खरी आहे. त्यांच्यासाठी बटाट्याचे थालीपीठ घरीच सकाळी खाऊन निघणे श्रेयस्कर. शिदोरीत भाकरी, कोरडी चटणी, भाजलेले शेंगदाणे व गूळ द्यावा. उपवास असल्यास शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या किंवा फळे द्यावीत.

बटाटा टिकवायचाच असेल तर पाणी काढणे हा पारंपरिक व खात्रीचा मार्ग आहे. बटाटे अर्धवट उकडून, सोलून किसावेत आणि उन्हाळ्यात स्वच्छ कापडावर पातळ पसरून कडकडीत वाळवावेत. हातात घेतल्यावर मोडताना आवाज येईल इतका कीस कोरडा झाला की तो हवाबंद डब्यात भरावा. पापड व वेफर्स हे याच तत्त्वाचे प्रकार होत. मात्र हा डबा पावसाळ्यात ओल्या हाताने उघडू नये.

नासल्याची लक्षणे

थालीपीठ तपासताना पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

वास : आंबूस, ताडीसारखा किंवा कुबट वास. शेंगदाण्याचा कूट खवट झाला असेल तर तेलकट कडवट वास येतो.

स्पर्श : पृष्ठभाग चिकट, बुळबुळीत होणे. तुकडा मोडल्यावर आत तार सुटणे.

दर्शन : पांढरी, हिरवी वा काळी बुरशी, गुलाबी अथवा नारिंगी ठिपके. बुरशीचा भाग कापून उरलेले खाऊ नये, कारण तिचे धागे आत खोलवर पसरलेले असतात.

काही बदल मात्र निरुपद्रवी आहेत. शिजलेल्या बटाट्याचा करडा रंग आणि थंडीत थालीपीठ कडक व कोरडे होणे, ही नासण्याची लक्षणे नव्हेत. गरम केल्यावर कडकपणा जातो.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, विष झालेल्या अन्नाला पुष्कळदा वास येत नाही, रंग बदलत नाही व चवही बिघडत नाही. म्हणून ‘चाखून पाहू’ असे म्हणणे धोक्याचे आहे. नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवावा. अन्न केव्हा शिजले हे आठवत नसेल किंवा ते रात्रभर उघड्यावर राहिले असेल, तर ते टाकावे. नासलेले अन्न जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नये. खड्ड्यात पुरावे.

आजार झाल्यास

स्टॅफिलोकोकसच्या विषाने अर्ध्या तासापासून काही तासांत आणि बॅसिलस सेरियसच्या विषाने साधारणपणे एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. जुलाब त्यानंतरही होऊ शकतात. रुग्णास ओ.आर.एस.चे पाणी थोडे थोडे द्यावे. उलट्या थांबत नसतील, जुलाबात रक्त असेल, मूल सुस्त पडले असेल किंवा दिसण्यात, गिळण्यात, बोलण्यात अडचण वाटत असेल, तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उरलेले अन्न तपासणीसाठी वेगळे झाकून ठेवावे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

महिला बचत गटाच्या सभेत एकाच वेळी चार थालीपिठे करावीत. दोन गरम असतानाच डब्यात बंद करावीत व दोन जाळीवर पसरावीत. अर्ध्या तासाने डबा उघडून झाकणावरील थेंब व आतील ऊब सर्वांना दाखवावी. दीर्घ व्याख्यानापेक्षा हे पाहून गोष्ट अधिक लवकर पटते.

सारांश, ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी चार आहेत : हिरवा व मोडाचा बटाटा वापरू नये. थालीपिठे पसरून लवकर थंड करावीत. दोन तासांत, उन्हाळ्यात एका तासात, ती खावीत अथवा थंड ठेवावीत. आणि शंका आली तर टाकून द्यावीत. दोन थालीपिठे वाया गेली तर ते नुकसान लहान आहे. काढणीच्या दिवसांत घरातील माणूस आजारी पडण्याचे नुकसान मात्र त्याहून पुष्कळ मोठे असते.